वरच्या खोलीतला तीनकोन्या

तीनकोन्याला अख्खी वस्तू कधी दिसलीच नाही. समोर चहाचा कप ठेवला तर माणूस चहा पितो. हा कपाच्या कानाकडे बघत बसायचा. चहावर साय धरेपर्यंत बघायचा आणि मग म्हणायचा, "मिस्त्री, सगळ्या कपाला दोनशे पुरतील, पण ह्या एका कानालाच तीनशे लागतील." मी म्हणायचो, "आरं, चा पी आधी. कानाला काय लागायचं ते लागंल." मग तो निवलेला चहा एका घोटात संपवून वर निघून जायचा. कप तिथंच. चार वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर राहिला. खरंच डोक्यावर. केडगावात खाली माझं सुतारकामाचं दुकान, मागं घर, आणि दुकानाच्या वर त्याची खोली.

तीनकोन्या हे नाव माझ्या बायकोनं, मार्थानं ठेवलं. खरं नाव सांगून त्याला ओशाळं करत नाही. राहात्याचा, घरचे पेरूचे मळे. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला, बिनलग्नाचा. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं त्याला घरी बसून काम करायला सांगितलं होतं, आणि आठवड्यातून एकदा पुण्याला जायला केडगाव सोयीचं म्हणून तो आमच्याकडे आला. मार्थानं एकदा त्याला लग्नाचं विचारलं. तो नुसता हसला. तो वर गेल्यावर ती मला म्हणाली, "ह्याला पोरगी दाखवायला न्या. हा तिच्या नाकाला किती लागतील ते मोजत बसंल, आन पोरगी उठून जाईल."

त्याचं काम काय, हे कळायला मला वर्ष लागलं. मी चौथी शिकलेला. मला लिहिता येतं ते मापापुरतं. त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. संगणकात कुठलीही वस्तू घातली, खुर्ची म्हणा, देवळातला नंदी म्हणा, तर ती आतून भरीव नसते. वरची नुसती साल असते, आणि ती साल छोट्या छोट्या तीनकोनी तुकड्यांची जोडलेली असते. चहूबाजूंनी फोटो काढून संगणकाला दिले की तो लाखो तुकड्यांची साल करून देतो. एवढं ओझं कुणाच्या मोबाईलला पेलत नाही. म्हणून तुकडे कमी करायचे. ते करणारा हा.

"कमी करायचं, पण कमी झालेलं दिसू द्यायचं नाही," तो म्हणाला.

"म्हंजे पाव्हणे वाढले की आमटीत पानी घालतेत तसं," मार्था म्हणाली.

"पाणी घालायचं नाही काकू. काढायचं."

"मंग तुझी आमटी मी खानार न्हाई बाबा."

नाताळच्या करंज्या चालल्या होत्या. त्यानं तिच्या हातातली करंजी घेतली, आणि कड मुरडताना आपण कसं चिमटीत धरतो तसं धरून दाखवलं. एक कड चिमटीत धरायची, तिची दोन टोकं एकाच जागी आणायची. अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोन तीनकोन नाहीसे. असं लाखो वेळा. कुठली कड चिमटायची एवढीच अक्कल. सपाट जागेची चिमटली तर कुणाला कळत नाही. कोपऱ्याची चिमटली तर वस्तूचा चेहरा बदलतो. एवढं सांगेपर्यंत करंजीतलं सारण सगळं बाहेर आलं. मार्थानं त्याच्या हातावर उलथनं मारलं.

आमचं एकाच गोष्टीत पटलं. मी विचारलं, तुकडे तीनकोनीच का, चौकोनी का नाही? तो तोंड उघडणार तेवढ्यात माझं मलाच उत्तर सापडलं. चार फळ्यांची चौकट खिळून ठेवा, दाबली की तिरकी होते. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी एक पट्टी मारा, तिचे दोन तीनकोन होतात, मग बैल बांधला तरी हलत नाही. आणि तीन पायांची तिवई कसल्याही खडबडीत जमिनीवर ठेवा, डुगडुगत नाही. तो खूश झाला. म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला सगळं येतं की." मी फुगलो. तो पुढं म्हणाला, "चार पायांचं तुमचं ते वरचं स्टूल डुगडुगतं, ते मी याच कारणानं माफ केलंय." चार वर्षांत त्यानं केलेली ही एकमेव चेष्टा, आणि तीही माझ्या कामावर.

त्याच्या येरझाऱ्यांनी मी फार कावलो. कुठलीही वस्तू आवडली की मोबाईल काढायचा आणि तिच्याभोवती फेऱ्या घालत फोटो काढायचा. एक फेरी खालून, एक मधून, एक वरून. आमच्या पाट्याभोवती, नळाभोवती, अंडी उबवणाऱ्या कोंबडीभोवती. गिऱ्हाईक दुकानात उभं आणि हा माझ्या रंध्याभोवती फिरतोय. गिऱ्हाईक मला हळूच विचारायचं, "पाव्हण्यास्नी बरं न्हाई का?"

एकदा शेळी घ्यायला मी घोडेगावच्या बाजाराला निघालो तर हा म्हणाला, मीपण येतो. नेला, ही माझी चूक. तिथं एक खिलारी बैल बघून ह्याचे डोळे फिरले. सुरू झाल्या फेऱ्या. एक, दोन, तीन. बैलाच्या मालकाला वाटलं, काय पारखी माणूस आहे, तीन तीन वेळा खूर बघतोय. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, आणि बाजाराच्या रीतीप्रमाणं त्याखाली ह्याचा हात हातात घेतला. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात. ह्या शहाण्याला वाटलं, माणूस प्रेमानं हात मिळवतोय. ह्यानं पण प्रेमानं पाचही बोटं आवळली. मालक ओरडला, "सौदा झाला!" बघता बघता माणसं जमली. तो बैलाचा कासरा ह्याच्या हातात देतोय, आणि हा म्हणतोय, "नको नको, मला फक्त ह्याची साल पाहिजे." साल म्हटल्यावर तर मालक धावूनच आला. मी दोघांच्या मध्ये पडलो, हा माझा भाडेकरू, डोक्यानं साधा आहे म्हणून पाया पडलो, सगळ्यांना चहा पाजला, तेव्हा सुटलो. शेळी राहिली बाजूलाच.

घरी आल्यावर त्यानं तो बैल संगणकात करून दाखवला. सगळा हुबेहूब. शेपटी मात्र नाही. शेपटीच्या जागी भोक.

"बैलानं माश्या हाकलल्या ना," तो म्हणाला. "जे हलतं ते येत नाही."

मार्था हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "आता माझं कर बरं."

अंगणात तिवईवर ती बाजरी निवडत बसली आणि हा फेऱ्या घालू लागला. "काकू, फक्त पाच मिनिटं. हलू नका." हातबोट तिनं हलवलं नाही, मान हलवली नाही. पण तोंड? तोंड बंद ठेवणं तिला लग्नात फादरसमोर जमलं नव्हतं. "किती फिरशील रं, घाण्याचा बैल हाईस का काय? मिस्त्री, ह्याला चक्कर आली तर धरा. आन मागून काढू नको, मागं पदर फाटलाय." पाच मिनिटं अखंड. दुसऱ्या दिवशी त्यानं खाली येऊन दाखवलं. पदर, कपाळ, कान, नाकाशेजारची चामखीळ, सगळं आलं होतं. तोंडाच्या जागी मात्र नुसता चिवडा. तो म्हणाला, ही घाण काढून टाकतो. काढली. मग भोक राहिलं.

मार्था म्हणाली, "बघा, संगनकालाबी माझं तोंड बंद करता येईना."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, चौथ्या दिवशी गेली. त्याच्यावर मला जास्त लिहायचं नाही. आमच्या समाजातल्या लोकांच्या पेट्या मीच करतो, तिचीही मीच केली. सागवानी फळ्या कपाटासाठी आणून ठेवल्या होत्या, त्या वापरल्या. तीनकोन्या खाली आला आणि फळीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. दिवसभर त्यानं पॉलिश पेपर घासला. एकदाही आकडा बोलला नाही. मला त्याचाही राग आला. वाटलं, आज तरी बोल काहीतरी, म्हणजे तुझ्यावर ओरडता येईल.

महिन्याभरानं मला ते अंगणातलं आठवलं. तिचा घरात एकच फोटो, लग्नातला, त्यात ती अठराची. ती माझी मार्था नव्हे. मला पन्नास वर्षं ओरडणारी पाहिजे होती. मी वर गेलो. म्हणालो, "ते माझ्या मोबाईलवर घालून दे."

त्यानं घातलं. मोबाईल गरम झाला आणि बंद पडला. तो म्हणाला, चाळीस लाख तुकडे आहेत, कमी करतो. संध्याकाळी दिलं. उघडलं, आणि मी जिन्यावरनंच बोंबललो, "ही कोन बया? चामखीळ कुठं गेली?"

"यंत्रानं काढली. त्याला ती घाण वाटली."

"घाण? तुझ्या यंत्राला सांग, त्या चामखिळीवर मी पन्नास वर्सं संसार केलाय!"

तो संगणकाकडे वळला. पुन्हा पहिल्यापासून बसला. यंत्राला म्हणे बजावून सांगता येतं की ह्या जागेला हात लावायचा नाही, बाकी कुठनं पाहिजे तेवढं काढ. पण ती जागा हातानं रंगवून दाखवावी लागते. त्यानं नाक रंगवलं, चामखीळ रंगवली, डोळ्यांच्या कडा रंगवल्या. बारा दिवस लावले. मी रोज विचारायचो, तो रोज म्हणायचा, "होतंय मिस्त्री." घाई हा शब्द राहात्यात शिकवत नसावेत.

झालं. मोबाईलवर आली, चामखिळीसकट आली. पण बोट लागलं की गर्रकन फिरायची. जन्मात कधी माझ्या बोटावर फिरली नव्हती. काचेवर बोट ठेवलं तर काचच लागते. शिवाय तोंडाच्या जागी ते भोक. त्यातून डोक्याच्या आतली पोकळी दिसायची.

मी म्हणालो, "ते भोक बुजव."

"नाही बुजवणार."

"तुझ्या यंत्राला येत न्हाई?"

"येतं. एका बटणात येतं. म्हणूनच नको." मग त्याचं ते ठरलेलं वाक्य, "मिस्त्री, मी काढणारा माणूस आहे, घालणारा नाही. जे फोटोत आलंच नाही ते मी कुठून आणू?"

"मेलेल्या बाईचं तोंड उघडं ठेवतोस? लाज वाटत न्हाई?"

आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. जिन्यावर दिसला की थुंकायचो. नवव्या दिवशी वर गेलो आणि म्हणालो, बुजवतोस का खोली सोडतोस? त्यानं माझ्याकडे बघितलं, संगणक माझ्याकडे वळवला आणि बटण दाबलं.

भोक गेलं. ओठांच्या जागी सपाट, गुळगुळीत, बंद तोंड आलं.

ते तोंड मी आधी एकदा बघितलं होतं. पेटीत. हनुवटीला रुमाल बांधून आम्ही ते बंद केलं होतं, आणि वर झाकण मीच ठोकलं होतं.

"काढ," मी म्हणालो.

त्यानं काढलं. 'मी सांगितलं होतं ना,' असं तो एकदाही म्हणाला नाही. हेच त्याचं मला सहन व्हायचं नाही. म्हणाला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो. त्यानं उठून चहा ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. अगदी वाईट झाला होता.

चहा पिताना मीच म्हणालो, "मला हातानं करता येईल असं दे. लाकडात. नुसतं डोकं, पदरासकट." तो दचकला. मी विचारलं, "किती तुकड्यांत करशील?"

"हजार?"

"हजार कापस्तोवर मीच पेटीत जाईन. अजून काढ."

तेवढ्यात राहात्याहून फोन आला. त्याची आई घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. भावानं सांगितलं, आता इथं येऊनच राहा. महिनाअखेरीस त्याला जायचं होतं, संगणकही जाणार होता. म्हणजे आमच्या हातात पंधरा दिवस. ते पंधरा दिवस आम्ही जेवढे भांडलो तेवढा मी मार्थाशी पन्नास वर्षांत भांडलो नसेन. तो काढत जायचा, मी बघत बसायचो. पाचशेला तीच. तीनशेला तीच. दीडशेला कुणाचीतरी आत्या. शंभरला नुसती म्हातारी, गावातली कुठलीही. पुन्हा मागं जायचो. एकेका कडेवर वाद. "हा कोपरा गेला तर काकू जातील," तो म्हणायचा. "मंग पदराचा काढ, पदर कुनाचाबी सारखाच असतो," मी म्हणायचो. कपाळाला शेवटी सहा मिळाले. पदराला तीस. एका नाकाला एकवीस. आणि चामखिळीला तीन. तिघांचा एक बारका डोंगर. सगळे मिळून दोनशे चाळीसवर येऊन थांबलो. दोनशे एकोणचाळीसला ती जरा कमी बोलणारी वाटायची.

जाताना त्यानं कागदांची चळत दिली. प्रत्येक तीनकोन खऱ्या मापाचा, त्यावर नंबर, प्रत्येक कडेला शेजाऱ्याचा नंबर, आणि कड किती तिरपी रंधायची तो कोन. टेम्पोत सामान चढलं. मी म्हणालो, "नीट जा." तो म्हणाला, "मिस्त्री, टेम्पोच्या मडगार्डला उगाच किती लागतात बघा." मी दार आपटून आत गेलो. हा आमचा निरोप.

पेटीच्या उरलेल्या सागवानाच्या मी पातळ फळ्या काढल्या आणि कामाला लागलो. आयुष्यात मी कपाटं केली, पलंग केले, चर्चचे बाक केले. एवढं छळणारं काम केलं नाही. एकही कड दुसरीसारखी नाही. आतून जोडाला कापडाच्या पट्ट्या लागणार होत्या. घरात एक जुनं पातळ होतं, पदर फाटलेलं, ते फाडलं. एकशे सतरा नंबर काही केल्या बसेना. तीन वेळा नवा कापला. शेवटी राहात्याला फोन लावला आणि शिव्यांनीच सुरुवात केली.

"तुझं माप चुकलंय!"

"मिस्त्री, नंबर बाहेरच्या अंगाला दिसतोय का?"

मी बघितलं. दिसत नव्हता. तुकडा उलटा लावत होतो. तीनही वेळा.

"प्रत्येक तुकड्याला आत आणि बाहेर असतं," तो म्हणाला. "एक उलटा लागला की साल फाटते." तिकडनं त्याच्या आईचा आवाज आला, कोण ओरडतंय रे एवढं? तो म्हणाला, "आपलेच आहेत."

तिच्या वर्षदिनाला मी त्याला बोलावलं. तो पाटीभर पेरू घेऊन एसटीनं आला. मी ते डोकं अंगणात त्याच तिवईवर ठेवलं होतं. रंग दिला नव्हता, नुसतं तेल. उन्हात एकेक तुकडा वेगळा चमकत होता. तोंडाच्या कडा मी घासून गुळगुळीत केल्या होत्या, बाकी ते होतं तसंच, उघडं. शेजारीण सकाळीच म्हणून गेली होती, मिस्त्री, एवढं तोंडाचं राहिलं की तुमचं. तिला काय सांगणार?

तीनकोन्यानं पेरूची पाटी खाली ठेवली आणि सवयीनं फेऱ्या घालायला लागला. मोबाईल मात्र काढला नाही. एक फेरी, दुसरी, तिसरी. चामखिळीपाशी वाकला, सरळ झाला. मी वाट बघत होतो. आता म्हणेल इथं एक जास्त झाला, तिथं एक कमी. आठ-नऊ महिने हात सोलून घेतले होते मी. पण हा तिच्यासमोर उभाच. आकडा नाही, बरं नाही, वाईट नाही.

शेवटी मी खवळलो. "आरं, बोल की काईतरी!"

त्यानं माझ्याकडे न बघता हात वर केला, जरा थांबा म्हणून.

"काकूंचं होऊ द्या आधी," तो म्हणाला.